धान्यासाठी उभारलेले ‘कॅथेड्रल’

मुंबईहून लंडनला जाणाऱ्या प्रवाशांना हीथ्रो विमानतळ नवा नाही. मात्र या विमानतळाच्या उत्तरेला, धावपट्टीपासून थोड्याच अंतरावर, हार्मंड्सवर्थ नावाचे एक जुने खेडे आहे आणि त्या खेड्यात इंग्लंडमधील मध्ययुगीन सुतारकामाचा एक अजोड नमुना उभा आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. ही वास्तू म्हणजे राजवाडा नव्हे, किल्ला नव्हे आणि चर्चही नव्हे. ते आहे धान्याचे कोठार. १४२६ च्या सुमारास बांधून पूर्ण झालेले हे कोठार ‘ग्रेट बार्न’ या नावाने ओळखले जाते. त्याची लांबी १९२ फूट, रुंदी ३७ फूट आणि उंची ३९ फूट आहे. इंग्लंडचे राजकवी जॉन बेचमन यांनी त्याला ‘मिडलसेक्सचे कॅथेड्रल’ असे नाव दिले होते. मिडलसेक्स परगणा १९६५ मध्ये प्रशासकीय नकाशावरून नाहीसा झाला, त्याचे हे ‘कॅथेड्रल’ मात्र अजून उभे आहे.

सहाशे वर्षे लाकडी इमारत टिकणे हे नवल खरेच. पण ती कशी टिकली, यापेक्षाही ती कशासाठी टिकली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कारण या कोठाराच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. जोवर त्याला काम होते, तोवर त्याला कोणी जपण्याची गरज भासली नाही. काम संपले आणि खरा धोका सुरू झाला.

शाळेच्या खर्चासाठी शेती

हार्मंड्सवर्थची जमीन अकराव्या शतकात, नॉर्मन विजयानंतर, फ्रान्समधील रूआँ येथील एका मठाला देण्यात आली होती. पुढे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात शतकभर चाललेल्या युद्धामुळे परकीय मठांच्या इंग्लंडमधील मालमत्ता अडचणीत आल्या. या संधीचा उपयोग करून विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकम यांनी १३९१ मध्ये ही जहागीर विकत घेतली. त्यांनी १३८२ मध्ये विंचेस्टर कॉलेज ही शाळा स्थापन केली होती. शाळेचा खर्च भागवण्यासाठी तिला कायमस्वरूपी उत्पन्नाची जोड देणे आवश्यक होते. हार्मंड्सवर्थची शेती ही ती जोड होती.

ग्रेट बार्नचा उल्लेख पुष्कळदा ‘टाइद बार्न’ असा केला जातो. ‘टाइद’ म्हणजे गावकऱ्यांनी आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची प्रथा, आणि तो हिस्सा साठवण्याची जागा ती ‘टाइद बार्न’. परंतु हार्मंड्सवर्थच्या कोठाराला हे नाव लागू पडत नाही. ते जहागिरीच्या स्वतःच्या शेतातील गहू, बार्ली आणि ओट यांच्या साठवणीसाठी बांधलेले होते. म्हणजे ते करवसुलीचे कोठार नव्हते, तर एका शिक्षणसंस्थेच्या शेतीचे भांडार होते. इंग्लंडमधील सगळ्याच मोठ्या जुन्या कोठारांना सरसकट ‘टाइद बार्न’ म्हणण्याची सवय एवढी रूढ झाली आहे की अनेक ठिकाणी मूळ इतिहासच झाकला गेला आहे.

बांधकामाच्या काळाबाबत येथे दोन स्वतंत्र पुरावे उपलब्ध आहेत. शाळेच्या जुन्या दप्तरात १४२४ मध्ये विल्यम किपिंग आणि जॉन ॲट ओक या दोघांना थेम्स नदीकाठच्या किंग्स्टन येथे लाकूड आणण्यासाठी पाठवल्याची नोंद आहे. दुसरा पुरावा खुद्द लाकडातच आहे. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. अनुकूल हवामानाच्या वर्षी ते रुंद असते, प्रतिकूल वर्षी अरुंद. या रुंद-अरुंद वलयांचा क्रम आधीच्या नोंदींशी जुळवून पाहिला की झाड कोणत्या वर्षी तोडले, हे सांगता येते. या पद्धतीने केलेल्या तपासणीतही ओकची झाडे १४२४ ते १४२६ या काळात तोडल्याचे आढळले. दप्तर आणि खोड या दोन्हींनी एकच साक्ष द्यावी, असा योग मध्ययुगीन शेतीवाड्यांच्या बाबतीत दुर्मीळच म्हणावा लागेल.

सांगाड्याचे गणित

या इमारतीचे वैशिष्ट्य तिच्या भिंतींत नाही, सांगाड्यात आहे. भिंती म्हणजे केवळ एकावर एक किंचित चढवून ठोकलेल्या फळ्या. त्या वारा-पाऊस अडवतात, छताचा भार मात्र पेलत नाहीत. तो भार ओकच्या खांबांवर आणि तुळयांवर असतो. आत शिरल्यावर लाकडी खांबांच्या दोन रांगा दूरवर जाताना दिसतात. मधोमध उंच आणि रुंद मार्ग, तर दोन्ही बाजूंना बुटके, उतरत्या छताचे पाखे. चर्चच्या अंतर्भागाचीही रचना अशीच असते, आणि बेचमन यांना कॅथेड्रल आठवले ते त्यामुळेच. खांब-तुळयांच्या १३ चौकटींमुळे लांबीचे १२ समान खण पडतात. प्रत्येक खांब दगडी बैठकीवर उभा असल्याने लाकडाला जमिनीची ओल थेट लागत नाही.

मध्ययुगीन इंग्लंडमधील सुतार ओकचे लाकूड बहुधा ताजे असतानाच वापरत. वाळलेला ओक अतिशय कठीण होतो, त्याला तासणे जिकिरीचे असते. ओला ओक हत्याराला साथ देतो. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढून ते दुसऱ्या लाकडातील खाचेत बसवायचे, दोन्हींतून आरपार भोक पाडायचे आणि त्यात लाकडी खुंटी ठोकायची, अशी ही सांधणी. पुढे इमारत उभी असतानाच लाकूड हळूहळू सुकत जाते, किंचित पिळवटते आणि सांधे अधिकच आवळले जातात. जुन्या इंग्लिश घरांच्या तुळया वाकड्या दिसतात त्याचे कारणही हेच. तो वाकडेपणा दोष नव्हे, लाकूड जागेवरच सुकल्याची ती खूण आहे.

चौकटी आधी जमिनीवर आडव्या मांडून जुळवल्या जात. प्रत्येक सांध्यावर सुतार छिन्नीने खुणेचे आकडे कोरून ठेवी, म्हणजे उभारणीच्या वेळी कोणते लाकूड कोठे बसवायचे याचा घोळ होत नसे. अशा खुणा हार्मंड्सवर्थच्या लाकडांवर आजही दिसतात. सांगाड्याचे सुमारे ९५ टक्के लाकूड मूळचेच आहे, असे जाणकारांचे मत आहे. एवढ्या प्रचंड आकाराची आणि इतक्या अभंग स्थितीतील मध्ययुगीन लाकडी इमारत इंग्लंडमध्येही क्वचितच आढळते. याहून मोठी कोठारे एके काळी होती. बर्कशरमधील चोल्सी येथील कोठार तर तीनशे फुटांहून लांब होते. पण ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आले.

एवढी जागा कशाला?

एका गावच्या शेतीला एवढे अवाढव्य कोठार का लागावे, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तेव्हाच्या मळणीच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे सुगीनंतर कोरड्या हवेत उघड्यावर खळे करून मळणी उरकता येते. इंग्लंडच्या पावसाळी हवेत तसे करणे शक्य नव्हते. त्यामुळे कापलेले पीक पेंढ्या बांधून, ताटांसह, कोठारात रचून ठेवावे लागे. दाण्यांपेक्षा काडच जास्त जागा व्यापत असे. पेंढ्यांची ही थप्पी छताच्या वाशांपर्यंत पोहोचे.

हार्मंड्सवर्थच्या कोठाराला पूर्वेच्या बाजूने तीन मोठे दरवाजे आहेत. भरलेल्या गाड्या त्यांतून थेट आत नेता येत. मग हिवाळाभर, शेतात फारसे काम नसताना, मजूर आतल्या कठीण जमिनीवर पेंढ्या पसरून झोडपत. एका लांब दांड्याला चामड्याच्या वादीने दुसरा आखूड दांडा बांधलेला असे. तो गरगरा फिरवून कणसांवर आपटायचा. दाणे वेगळे झाले की ते वारवून भूस काढायचे. म्हणजे ही इमारत नुसती साठवणीची जागा नव्हती. कोठार, खळे आणि पावसाळी कामाची शाळा अशा तीन जागा एकाच छपराखाली होत्या. तिच्यात जो उंच, मोकळा, अखंड अवकाश दिसतो तो सौंदर्यासाठी निर्माण केलेला नाही. तो कामाची गरज म्हणून आला.

मालक बदलले, काम तेच

१५४३ मध्ये राजा आठव्या हेन्रीने विंचेस्टर कॉलेजला दुसऱ्या जमिनी देऊन हार्मंड्सवर्थ आपल्याकडे घेतले. त्यानंतर काही वर्षांतच ते पॅजेट घराण्याकडे गेले. मठ, शाळा, राजा, सरदार असे मालक बदलत गेले, पण कोठाराला त्याने काही फरक पडला नाही. दर हंगामात पीक येत राहिले, आणि पिकासाठी छप्पर शाबूत ठेवणे हे मालकाच्याच हिताचे होते. फुटलेले कौल बदलायचे, कुजलेली फळी काढून नवी ठोकायची. ही डागडुजी वारसा जपण्यासाठी नव्हे, धान्य भिजू नये म्हणून केली जात होती.

बदल आला तो यंत्रांमुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मळणीयंत्र आले. हिवाळ्याचे हक्काचे काम हातचे गेल्याने १८३० मध्ये दक्षिण इंग्लंडमधील शेतमजुरांनी ठिकठिकाणी ही यंत्रे फोडली. ‘स्विंग दंगली’ म्हणून हा उठाव प्रसिद्ध आहे. यंत्र अखेर टिकले. मग विसाव्या शतकात कापणी आणि मळणी शेतातच एकदम करणारी कम्बाइन हार्वेस्टर रुळली आणि पेंढ्या साठवण्याची गरजच उरली नाही. सुटे धान्य ठेवायला धातूची उभी कोठी अधिक सोयीची होती. जुन्या दरवाजांतून मोठी यंत्रे आत-बाहेर करणेही अवघड होते. हार्मंड्सवर्थचे कोठार १९७० च्या दशकापर्यंत शेतीच्या कामी येत राहिले. साडेपाचशे वर्षांचा हा सलग वापर त्यानंतर थांबला.

रिकामे घर

इंग्लंडमध्ये ऐतिहासिक इमारतींची प्रतवारी केली जाते. त्यात हार्मंड्सवर्थच्या कोठाराला सर्वोच्च, म्हणजे पहिल्या दर्जाचे संरक्षण आहे. अशा इमारतीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, ती पाडता येत नाही. परंतु कायदा मालकाचे हात धरू शकतो, त्याला रोज छपरावर चढायला लावू शकत नाही, हे पुढील घटनांनी दाखवून दिले.

शेती थांबल्यानंतर कोठार एका बांधकाम कंपनीच्या ताब्यात गेले. तिने सरकारी अनुदानाच्या मदतीने दुरुस्तीही केली. पुढे ही कंपनी बुडाली आणि २००६ मध्ये कोठार जिब्राल्टरमध्ये नोंदणी असलेल्या एका कंपनीने विकत घेतले. किंमत होती अवघा एक पौंड. नव्या मालकांच्या काळात इमारत वर्षातील बहुतेक दिवस लोकांसाठी बंद राहिली आणि तिची हेळसांड होऊ लागली. कौले निखळली की पाणी आत येते, पाणी आले की ओकही कुजतो. अखेर २००९ मध्ये इंग्लिश हेरिटेज या संस्थेने कायद्यातील तातडीच्या दुरुस्तीच्या तरतुदीचा आधार घेऊन स्वतः डागडुजी केली. त्या खर्चावरून वाद झाला, तडजोड झाली, आणि जानेवारी २०१२ मध्ये संस्थेने २० हजार पौंडांना कोठारच विकत घेतले. त्यानंतर छप्पर, फळ्या आणि सांगाडा यांची व्यापक दुरुस्ती होऊन एप्रिल २०१५ मध्ये ते पुन्हा खुले झाले. दैनंदिन व्यवस्था गावातील स्वयंसेवकांच्या मंडळाकडे देण्यात आली आणि उन्हाळी हंगामात महिन्यातून दोन रविवारी ते पाहता येईल, असे ठरले.

नव्या वापराचे पर्याय

रिकाम्या झालेल्या कोठारांचे काय करायचे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये एकट्या हार्मंड्सवर्थपुरता नाही. सर्वात फायदेशीर मार्ग म्हणजे घरात रूपांतर करणे. असंख्य लहान कोठारे या मार्गाने वाचली आहेत. मात्र घर म्हटले की मजले, खोल्या, खिडक्या, धुराडे हे सारे आले. बाहेरचा सांगाडा उरतो, पण ज्या अखंड अवकाशासाठी तो उभारला होता तोच नाहीसा होतो. शेतवाड्यांचे घरांत रूपांतर करण्यासाठी २०१४ पासून तेथे नियम सैल करण्यात आले, तरी संरक्षित इमारती त्यातून वगळण्यात आल्या, यामागचे कारणही हेच.

दुसरा मार्ग सार्वजनिक वापराचा. हार्मंड्सवर्थ ज्या हिलिंग्डन विभागात येते त्याच विभागातील राइस्लिप येथे तेराव्या शतकाच्या अखेरचे मोठे लाकडी कोठार आहे. त्याच आवारातील धाकट्या कोठारात १९३७ मध्ये ग्रंथालय सुरू करण्यात आले. एसेक्समधील क्रेसिंग टेम्पल येथे ‘नाइट्स टेम्पलर’ या लढवय्या धर्मसंघाने तेराव्या शतकात बांधलेली बार्लीची आणि गव्हाची अशी दोन कोठारे आहेत. १९८७ मध्ये ती परगण्याच्या प्रशासनाने विकत घेतली आणि आता तेथे पर्यटकांबरोबरच समारंभांनाही जागा मिळते. एसेक्समधीलच कॉगशॉल येथील मठाचे कोठार तर कोसळण्याच्या बेतात होते. स्थानिक रहिवाशांच्या पाठपुराव्यामुळे ते सक्तीने संपादित करून १९८० च्या दशकात सावरण्यात आले आणि पुढे नॅशनल ट्रस्टकडे सोपवले गेले.

या प्रत्येक तोडग्याची किंमत आहे. समारंभांसाठी जागा दिली तर उत्पन्न मिळते, पण वीज, उष्णता, स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि आगीपासून संरक्षण यांची व्यवस्था करावी लागते. केवळ पाहण्यासाठी ठेवले तर इमारतीला कमीत कमी धक्का लागतो, पण उत्पन्न जवळजवळ शून्य. हार्मंड्सवर्थने हा दुसरा मार्ग पत्करला आहे. एके काळी जे कोठार शाळेचा खर्च भागवत होते, त्याचा खर्च आता समाजाला भागवावा लागतो.

कोठार राहील, गावाचे काय?

या कोठारापुढचा सर्वात मोठा प्रश्न छपराचा नसून शेजाराचा आहे. हीथ्रो हे नावच मुळी ‘हीथ रो’ या वस्तीवरून आलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, विमानतळासाठी ती वस्ती हटवण्यात आली. १९४६ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरू झाली आणि विमानतळ वाढत गेला. तिसऱ्या धावपट्टीची चर्चा सुरू झाली तेव्हा नकाशावर हार्मंड्सवर्थ आडवे आले.

२०१५ मध्ये ब्रिटनच्या विमानतळ आयोगाने हीथ्रोच्या वायव्येला नवी धावपट्टी बांधण्याची शिफारस केली. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेने त्यामागच्या धोरणाला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने हवामान बदलाच्या मुद्द्यावर ते धोरण बेकायदा ठरवले, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. दरम्यान करोनाच्या साथीने विमान वाहतूकच थंडावली होती. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने तिसऱ्या धावपट्टीला पुन्हा पाठिंबा जाहीर केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये विमानतळ कंपनीचाच वायव्य धावपट्टीचा आराखडा पुढील प्रक्रियेसाठी निवडला.

विमानतळ कंपनीने २०१४ मध्ये धावपट्टीची प्रस्तावित जागा थोडी दक्षिणेकडे सरकवली होती. ग्रेट बार्न आणि त्याच्या शेजारचे सेंट मेरी चर्च वाचावे, हे त्यामागचे एक कारण सांगण्यात आले. म्हणजे पहिल्या दर्जाच्या संरक्षणाला नकाशावर वजन होते, हे खरे. पण त्या आराखड्यातही गावातील कित्येक घरे पाडावी लागणारच होती. तसे झाल्यास कोठार आणि चर्च विमानतळाच्या कुंपणालगत उरतील, आणि त्यांचे दरवाजे उघडणारे, कौल निखळले की कळवणारे लोक दुसरीकडे गेलेले असतील.

कोठार उचलून दुसरीकडे नेता येणार नाही का, असा एक सूर अशा वेळी निघतो. तांत्रिकदृष्ट्या लाकडी सांगाडा सुटा करून पुन्हा जुळवता येतो. खुंट्यांची सांधणी आणि सुतारांच्या खुणेचे आकडे ही त्याचीच पद्धत होती. इंग्लंडमधील खुल्या वस्तुसंग्रहालयांत अशी हलवलेली घरे आणि कोठारे आहेत. पण हे कोठार ज्या शेतांसाठी बांधले, ज्या रस्त्याने गाड्या आल्या, ज्या चर्चच्या घंटेवर मजुरांचा दिवस मोजला गेला, ते सारे सोबत नेता येत नाही.

जुन्या वास्तूंचे जतन म्हणजे लाकूड आणि दगड यांचे जतन, अशी समजूत सर्वत्र आढळते. हार्मंड्सवर्थचा इतिहास वेगळे सांगतो. या कोठाराला साडेपाचशे वर्षे राखले ते कोणा संस्थेने नव्हे, तर त्याच्यावर पोट अवलंबून असलेल्या माणसांनी. त्यानंतरच्या अर्धशतकात कायदा, अनुदान, संस्था आणि न्यायालये हे सगळे कामाला लागूनही ते एका पौंडाला विकले गेले, गळू लागले आणि जेमतेम वाचले. आता त्याच्याकडे पिकाच्या गाड्या येणार नाहीत, हे उघड आहे. महिन्यातून दोन रविवारी कुलूप काढणारे गावकरी हीच त्याची उरलेली रखवाली आहे. धावपट्टीच्या निर्णयात इमारतीबरोबर या रखवालीचाही विचार होतो की नाही, यावर पुढच्या काळात ते कोठार म्हणून उभे राहते की कुंपणालगतचा एक देखणा सांगाडा म्हणून, हे ठरणार आहे.